ऑस्करच्या टाकीत सोबती आणताना

माझा ऑस्कर, म्हणजे सिक्लिड कुळातला एक मोठा होणारा दक्षिण अमेरिकी मासा, घरी आला तेव्हा जेमतेम ५ सेंटिमीटर लांबीचा होता आणि दीड वर्षात तो २६ सेंटिमीटरचा झाला. १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच अशा टाकीत तो एकटाच राहत होता. काचेजवळ कोणी आले की तो पुढे येई, खाद्याचा डबा ओळखे, टाकीतले दगड तोंडाने ढकलून रात्रीतून त्यांच्या जागा बदलून टाकी, आणि दुपारी मात्र तासन्‌तास एका कोपऱ्यात स्थिर तरंगत राही. त्याचे ते निश्चल तरंगणे पाहून मला वाटू लागले की त्याला एकटेपणा जाणवत असावा. पोट भरलेला ऑस्कर असाच विसावतो हे मला फार पुढे समजले. तोवर मी त्याच्यासाठी सोबती आणायचे ठरवून टाकले होते. त्या निर्णयापासून टाकी खऱ्या अर्थाने नांदती होईपर्यंत सव्वादोन वर्षे गेली. त्या काळात मी कोणते मासे निवडले, कोणते परत काढावे लागले आणि का, हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या चुकांची किंमत प्रत्येक वेळी माशांनी मोजली आणि त्यातल्या बऱ्याच चुका आधी माहिती असती तर टळल्या असत्या.

पहिली निवड मी चपळाईकडे पाहून केली. टायगर बार्ब वेगाने पोहतात, कळपाने राहतात आणि मोठ्या माशांना सहसा दबत नाहीत, एवढ्या माहितीवर मी सहा बार्ब आणले. पहिले दोन दिवस ऑस्करने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या सकाळी चार उरले होते आणि पाचव्या सकाळी एकही नव्हता. टाकीत झटापटीची काहीच खूण नव्हती. कुणाचा पर तुटून पडलेला नव्हता, ऑस्करच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. पहाटेच्या अंधुक उजेडात, बार्ब अजून सुस्त असताना, त्याने ते एकेक करून गिळले असणार. त्या सहा माशांबद्दल मला आजही वाईट वाटते. त्यांच्या मरणात ऑस्करच्या रागीटपणाचा काहीही संबंध नव्हता; तो फक्त जेवला होता, आणि ते जेवण त्याच्यापुढे मीच मांडून ठेवले होते.

इथे मला पहिल्यांदा उमगले की आपण ज्याला सरसकट ‘आक्रमक’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक शिकार आणि दुसरी जागेसाठीचे भांडण. शिकार करणारा मासा शांत असतो, तो रंग गडद करत नाही, इशारे देत नाही; समोरचा मासा तोंडात मावतो की नाही एवढाच त्याचा प्रश्न असतो. म्हणून सोबती निवडताना लांबीपेक्षा शरीराची उंची, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचे अंतर, आधी पाहावे लागते. १२ सेंटिमीटर लांबीचा सडपातळ मासा मोठ्या ऑस्करच्या घशात सहज उतरतो, पण तेवढ्याच लांबीचा थाळीसारखा चपटा आणि उंच मासा त्याला गिळता येत नाही. ऑस्करचे तोंड मिटलेले असताना लहान दिसते. खाद्यावर झेप घेताना मात्र त्याचे जबडे पुढे सरकतात आणि तोंड भलतेच रुंद उघडते. पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्या खाताना मी काचेच्या बाहेर पट्टी धरून ते तोंड अनेकदा मोजले आणि मग आकडा वहीत लिहून ठेवला. शिवाय तो अजून वाढत होता, त्यामुळे आजच्या तोंडाचा हिशोब वर्षभराने चुकणार हेही धरून चालणे भाग होते.

लहान माशांपैकी कोरिडोरास किंवा तत्सम कॅटफिश तळ स्वच्छ ठेवतात म्हणून बरेच जण मोठ्या सिक्लिडच्या टाकीत सोडतात. मी त्या वाटेला गेले नाही, आणि जाऊ नये असेच सांगेन. या माशांच्या छातीच्या आणि पाठीच्या परांपुढे टणक काटे असतात, भीती वाटली की ते काटे ताठ होऊन अडकतात, आणि गिळू पाहणाऱ्या मोठ्या माशाच्या घशात तो मासा रुतून बसतो. मग दोघेही जातात.

दुसऱ्या निवडीच्या वेळी मी तोंडाचा हिशोब नीट केला आणि नेमकी तिथेच फसले. जॅक डेम्प्सी नावाचा मध्य अमेरिकेतला सिक्लिड मला मिळाला. १९१९ ते १९२६ या काळात मुष्टियुद्धाचा जागतिक हेवीवेट विजेता असलेल्या जॅक डेम्प्सीचे नाव या माशाला का मिळाले असावे, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. मासा १५ सेंटिमीटरचा, भरदार अंगाचा, गडद निळ्या अंगावर चमकते ठिपके असलेला होता. ऑस्कर त्याच्यापेक्षा जवळपास दुप्पट लांब आणि टाकीचा जुना रहिवासी. माझी सगळी काळजी डेम्प्सीसाठी होती. त्याला लपता यावे म्हणून मी उजव्या बाजूला, फिल्टरच्या तोंडाजवळ, सपाट दगडांची एक गुहा रचून दिली.

पहिले दोन दिवस डेम्प्सी त्या गुहेतच राहिला. तिसऱ्या दिवशी तो गुहेच्या तोंडाशी येऊन थांबू लागला आणि ऑस्कर जवळ आला की कल्ल्यांच्या झडपा फुगवून त्याच्यासमोर आडवा उभा राहू लागला. सिक्लिड माशांची ही ठरलेली भाषा आहे: आधी आडवे उभे राहून आपला आकार दाखवायचा, मग कल्ले फुगवायचे, मग शेपटीने पाण्याचा फटका समोरच्याच्या अंगावर मारायचा, आणि एवढ्यानेही कोणी मागे हटले नाही तर एकमेकांचे जबडे तोंडात धरून ओढाताण करायची. बहुतेक भांडणे जबडे धरण्यापूर्वीच मिटतात. माझ्या टाकीतही ती ओढाताण एकदाच झाली, जेमतेम अर्धा मिनिट, आणि तिच्यात माघार घेतली ती ऑस्करने.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे पाहिले त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. अर्ध्या आकाराच्या माशाने दोन तृतीयांश टाकी ताब्यात घेतली. ऑस्कर डाव्या कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ, डोके किंचित वर करून उभा राहू लागला. त्याचा नारिंगी रंग फिका पडला, शेपटीच्या मुळाशी असणारा डोळ्यासारखा ठिपका जेमतेम दिसू लागला. हा ठिपका मूळ अधिवासात शेपटीचे लचके तोडणाऱ्या पिरान्हासारख्या माशांना चकवत असावा, असा तर्क संशोधकांनी मांडलेला आहे. डेम्प्सीला त्याने मुळीच चकवले नाही. शेपटीच्या खालच्या कडेचा एक तुकडा निघाला. नवव्या दिवशी ऑस्करने खाद्य नाकारले आणि त्या संध्याकाळी मी जाळी घेऊन डेम्प्सीला बाहेर काढले. खरे तर सहाव्या दिवशीच काढायला हवे होते. ‘जमेल हळूहळू’ या आशेवर काढलेले ते तीन दिवस मला आजही टोचतात.

माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ मत्स्यपालक आहेत, त्यांच्याकडे मोठ्या सिक्लिडच्या टाक्या कित्येक वर्षांपासून आहेत. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “ताई, तुम्ही तोंड मोजलंत, ते बरोबरच केलंत. आता टाकी मोजा. आणि मासे दोनच होते ना? मग त्याला राग काढायला दुसरं कोण होतं?” त्यांनी मला दोन गोष्टी नीट उलगडून सांगितल्या. ऑस्कर आकाराने मोठा आणि शिकारी असला तरी जागेच्या भांडणात तो मध्य अमेरिकेतल्या बहुतेक सिक्लिडांइतका हट्टी नसतो; जॅक डेम्प्सी, रेड डेव्हिल, जॅग्वार सिक्लिड हे मासे जागा धरून बसण्यासाठीच ओळखले जातात. आणि दोनच मासे असलेल्या टाकीत सगळा राग एकाच माशावर, एकाच दिशेने, दिवसभर निघत राहतो. मी हौसेने रचून दिलेली एकमेव गुहा म्हणजे तर भांडणासाठी दिलेले कारणच होते. तो डेम्प्सी पुढे त्यांच्याकडेच स्वतंत्र टाकीत गेला आणि तिथे सुखाने वाढला.

ऑस्करच्या शेपटीची कड स्वच्छ पाण्यात महिनाभरात भरून आली. दर तीन दिवसांनी चौथा भाग पाणी बदलणे यापलीकडे मी काहीही केले नाही; साध्या परजखमेला औषधापेक्षा पाण्याची अधिक गरज असते, हा माझा अनुभव आहे.

मग मी टाकी मोजली. १२० गुणिले ४५ गुणिले ५० म्हणजे २ लाख ७० हजार घनसेंटिमीटर, म्हणजेच काठोकाठ २७० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर २३० लिटरच्या आसपास. पूर्ण वाढीनंतर ३० सेंटिमीटरच्या पुढे जाणाऱ्या आणि दहा-बारा वर्षे जगू शकणाऱ्या एका ऑस्करलाच ही टाकी अपुरी होती. तिच्यात सोबती शोधणे हा प्रश्नच चुकीचा होता. पुढचे पाच महिने मी एकही मासा आणला नाही आणि १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच अशी टाकी उभी केली. हिशोबाने ती ६४८ लिटरची आहे, प्रत्यक्षात पाणी ५६० लिटरच्या जवळपास मावते. रुंदीसाठी मी आग्रह धरला, कारण ३० सेंटिमीटरच्या माशाला न अडखळता वळता आले पाहिजे आणि पाठलाग सुरू झाला तर पळणाऱ्याला बाजूने निसटायला जागा हवी. उंची त्या मानाने कमी उपयोगाची असते.

जागेचा परिणाम मोठ्या फरकानेच दिसतो, हे केवळ माझे निरीक्षण नाही. अमेरिकी संशोधक रोनाल्ड ओल्डफिल्ड यांचा मायडास सिक्लिडच्या पिल्लांवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लहान प्रमाणात जागा वाढवून पिल्लांच्या आक्रमकतेत फरक पडला नाही. खूप मोठ्या आणि आडोशांनी भरलेल्या जागेत मात्र ती कमी झाली, असे त्यात आढळले. म्हणजे टाकी थोडी मोठी घेतली की भांडणे थोडी कमी होतील, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. नव्या टाकीत मी ड्रिफ्टवुडचे दोन मोठे ओंडके अशा रीतीने ठेवले की एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसू नये. दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या पातळ थर्मोकोलवर बसवले, कारण ऑस्कर वाळू उपसतो आणि वाळूवर रचलेला दगड कलंडून काच फोडू शकतो. गुहा एक नव्हे तर पाच केल्या, म्हणजे एकीवरून भांडण पेटले तरी बाकीच्या मोकळ्या राहतात. हीटरभोवती प्लास्टिकची जाळी बसवली. दोन मोठे कॅनिस्टर फिल्टर लावून, जुन्या फिल्टरमधला स्पंज त्यांत टाकून, अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून पाण्यात येणारी विषारी द्रव्ये सलग दोन आठवडे शून्य येईपर्यंत मी थांबले.

सोबत्यांची निवड यावेळी वहीत केली. प्रत्येक माशासमोर मी चार गोष्टी लिहीत असे: पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी आणि अंगाची उंची, टाकीच्या कोणत्या थरात वावरतो, काय खातो, आणि कोणत्या पाण्यात जगतो. शेवटची गोष्ट लोक सहज विसरतात. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतले सिक्लिड आक्रमक आणि देखणे असतात, पण त्यांना कठीण आणि अल्कधर्मी, साधारण ८ च्या आसपास सामू असलेले पाणी मानवते, तर ॲमेझॉन खोऱ्यातला ऑस्कर किंचित आम्लधर्मी ते उदासीन पाण्यातला आहे. गोल्डफिशला थंड पाणी हवे, ऑस्करला २५ ते २८ अंश सेल्सिअस. अशा जोड्या भांडल्या नाहीत तरी दोघांपैकी एकाला कायम चुकीच्या पाण्यात ठेवल्याचा दोष आपल्यावर येतोच.

वहीतली कितीतरी नावे खोडली गेली. रेडटेल कॅटफिश बाजारात हाताच्या बोटाएवढा मिळतो आणि एक मीटरच्या पुढे वाढतो. तो घरगुती टाकीसाठी विकलाच जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सिल्व्हर अरोवाना पृष्ठभागावर राहतो, म्हणजे थराच्या हिशोबात बसतो, पण त्यालाही माझी टाकी दोन वर्षांत कमी पडली असती, शिवाय तो घाबरला की झाकणावर धडकतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकरातून तयार केलेला मासा मला मनापासून आवडतो, पण एकाच टाकीत तो बहुधा दुसऱ्या कोणालाही सुखाने राहू देत नाही. त्याला एकट्याला ठेवणे यात काहीही कमीपणा नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण एकटा मासा दिसला की सोबत शोधायला धावण्याची माझीच चूक मला आठवते.

शेवटी उरले ते असे: सहा सिल्व्हर डॉलर, एक सेव्हेरम आणि तोंडाने काचेला चिकटून राहणारा एक सकर फिश, म्हणजे प्लेको. सिल्व्हर डॉलर १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, थाळीसारखे गोल असल्यामुळे गिळले जात नाहीत आणि पाण्याच्या मधल्या व वरच्या थरात कळपाने फिरतात. त्यांचा आणखी एक उपयोग होतो. मोकळेपणाने पोहणारा कळप समोर असला की सिक्लिडला आसपास धोका नाही असे वाटते, तो लपून बसत नाही, आणि त्याचे लक्षही एकाच प्रतिस्पर्ध्यावर खिळून राहत नाही. सेव्हेरम दक्षिण अमेरिकेतलाच, उंच अंगाचा, साधारण २० सेंटिमीटरचा आणि सिक्लिडांमध्ये बराच शांत. स्वतःची जागा राखण्याइतका खमका, पण दुसऱ्याची बळकावण्याइतका नाही.

सर्व मासे आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले. नवव्या दिवशी दोन सिल्व्हर डॉलरच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. हे ठिपके एका परजीवीमुळे येतात, आणि तो माशाच्या त्वचेत असताना औषधाला दाद देत नाही. तो माशावरून सुटून पाण्यात येतो त्या टप्प्यातच मरतो. म्हणून तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन त्याचे चक्र लवकर पूर्ण होऊ दिले, एअर पंप वाढवला आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही आठवडाभर औषध चालू ठेवले. वेगळ्या टाकीचा कंटाळा करून हेच मासे थेट मोठ्या टाकीत सोडले असते तर तो रोग ऑस्करपर्यंत पोहोचला असता.

टाकीत सोडण्याचा क्रम मी उलटा ठेवला. ऑस्कर अजून जुन्याच टाकीत होता. नव्या टाकीत आधी सिल्व्हर डॉलर आणि सकर, चार दिवसांनी सेव्हेरम, आणि त्यानंतर दहा दिवसांनी, संध्याकाळी दिवे मालवून, पोटभर खाऊ घातलेला ऑस्कर, असे मासे गेले. त्यामुळे कोणालाही ऑस्करच्या घरात शिरावे लागले नाही. नव्या जागेत पाहुणा तोच होता. पहिल्या दोन रात्री मी मंद लाल दिवा लावून टाकीसमोर बसून काढल्या. पहिल्याच तासात ऑस्करने सेव्हेरमचा पाठलाग केला, ओंडक्यापर्यंत, आणि सेव्हेरम दिसेनासा झाल्यावर परत फिरला. तो परत फिरला हे पाहिले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काही सेकंदांत आटोपणारे पाठलाग दिवसातून दहा झाले तरी मी मध्ये पडत नाही. पाठलाग करणारा आडोशामागेही जात असेल, पळणारा मासा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात अडकून राहत असेल, खाद्याला येत नसेल किंवा त्याचे कल्ले विश्रांतीच्या वेळीही भराभर हलत असतील, तर त्याच दिवशी मासा काढायचा, हा नियम मी डेम्प्सीच्या वेळच्या तीन दिवसांतून शिकले होते.

तीन आठवड्यांत टाकी स्थिरावली. मी लावलेली सगळी जलवनस्पती सिल्व्हर डॉलरांनी खाऊन टाकली आणि अंधारात एकदम दिवा लागला की ते बिथरून काचेवर आदळत. म्हणून मी खोलीतला दिवा आधी आणि टाकीतला दहा मिनिटांनी लावू लागले. ऑस्करला कोपऱ्यात तरंगायला पूर्वीइतकाच वेळ मिळत होता आणि तो तसाच तरंगत होता.

मग एका सकाळी ऑस्करच्या डाव्या कुशीवर रुपयाएवढा फिकट, खरवडल्यासारखा गोल डाग दिसला. दोन दिवसांनी दुसरा. संशय साहजिकच सेव्हेरमवर गेला आणि मी त्याला काढायच्या तयारीतही होते, पण चाव्याने खवले निघतात, कडा फाटतात. इथे कड नितळ होती. पुन्हा लाल दिवा लावून बसले तेव्हा रात्री दीडच्या सुमारास सकर काचेवरून सुटला आणि झोपलेल्या ऑस्करच्या कुशीला चिकटला. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर तो खरवडून खात होता. सकर उरलेसुरले आणि शेवाळ खाऊन जगतो या समजुतीवर मी त्याला वेगळे काहीच देत नव्हते. मोठ्या, संथ माशाच्या टाकीत उपाशी सकर असे करतो हे तेव्हा समजले. मी दिवे मालवल्यानंतर त्याला बुडणाऱ्या शैवालवड्या आणि उकडलेल्या काकडीचे काप देऊ लागले. डाग कमी झाले, पण थांबले नाहीत. एकदा लागलेली ती सवय मोडली नाही, आणि सहा आठवड्यांनी सकरला दुसऱ्या, चपळ माशांच्या टाकीत हलवावे लागले. ज्या माशाबद्दल मी वहीत एक ओळही नीट लिहिली नव्हती, त्यानेच सर्वांत जास्त त्रास दिला.

तळाच्या थरासाठी त्याच्या जागी सेनेगल बिचिर आणला, २२ सेंटिमीटरचा. सापासारखा लांबट असला तरी त्याच्या अंगावरचे खवले चिलखतासारखे कठीण असतात, तो हवेतला श्वासही घेतो आणि बहुतेक वेळ ओंडक्याखाली पडून असतो. त्याच्यासाठी झाकणातली प्रत्येक फट बुजवावी लागली, कारण बिचिर बोटभर फटीतूनही बाहेर पडतो. तो इतरांच्या गर्दीत खाद्यावर पोहोचत नाही, म्हणून त्याच्या खाद्याचे तुकडे दिवे मालवल्यावर नळीतून तळाशी सोडते.

त्यानंतर जवळपास वर्ष शांततेत गेले, आणि मग टाकीतला सर्वांत जुना मासा बदलला. ऑस्कर एक सपाट दगड तोंडाने घासून लख्ख करू लागला, त्याच्याभोवती वाळू उपसू लागला आणि दगडापासून ५० सेंटिमीटरच्या आत कोणालाही येऊ देईना. ज्या सेव्हेरमशी वर्षभर काही तंटा नव्हता त्याचे पर दोन दिवसांत फाटले. तिसऱ्या दिवशी दगडावर शेकडो पांढरट अंडी होती. इतके दिवस मी ज्याला ‘तो’ म्हणत होते ती मादी होती; ऑस्करमध्ये नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, आणि जोडीदार नसतानाही मादी अंडी घालते. अंडी फलित होण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिला ते ठाऊक नव्हते. ती शेपटीने त्यांना वारा घालत राहिली, खराब झालेली वेचून काढत राहिली, आणि तिच्या लेखी बाकीचे सगळे पिल्लांचे शत्रू होते.

मोठी टाकी घेतानाच मी छिद्रे पाडलेल्या ॲक्रिलिकचा एक पडदा मापाने कापून ठेवला होता. तो त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. दगडाची बाजू तिला दिली, उरलेली तीन पंचमांश टाकी इतरांना. छिद्रांमुळे पाणी खेळते राहते आणि मासे एकमेकांना विसरत नाहीत. अंड्यांवर बुरशी आली, तिने ती स्वतःच खाऊन टाकली, दगडाकडे पाहणे सोडले. तेरा दिवसांनी मी दगडांची सगळी मांडणी बदलून पडदा काढला, म्हणजे राखायला ओळखीची जागाच उरू नये. ती सेव्हेरमच्या दिशेने एकदा गेली, कल्ले फुगवले आणि परत फिरली. हे तेव्हापासून तीनदा झाले आहे. आता दगड घासायला सुरुवात झाली की त्याच दिवशी पडदा लागतो, सेव्हेरमचे पर फाटेपर्यंत मी थांबत नाही.

तिचे वय आता चार वर्षे झाले आहे आणि लांबी ३१ सेंटिमीटर. दर आठवड्याला मी तिसरा भाग पाणी बदलते आणि नायट्रेट प्रतिलिटर ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवते, कारण खराब पाण्यात हेच मासे चिडखोर होतात हे दोन वेळा दिसले आहे. पडदा धुऊन टाकीच्या मागे उभा ठेवलेला असतो. रात्री दिवे मालवण्यापूर्वी मी मासे मोजते: सहा सिल्व्हर डॉलर, सेव्हेरम, ऑस्कर. बिचिर बहुतेक वेळा शेवटी, ओंडक्याखाली, फक्त शेपटीच्या टोकावरून सापडतो, आणि तो सापडेपर्यंत दिवा चालू राहतो.